अडीच टक्क्यांचा मान

२ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण भावनिक नाही. महिनाभराच्या एका प्रयोगाची नोंद ठेवायची आहे, आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवली तर पलीकडच्या टेबलावरचा सहकारी वाचेल. तो सगळंच वाचतो. मशीनच्या खोक्यात येणारं मॅन्युअलसुद्धा. सगळे त्याला मॅन्युअलराव म्हणतात. म्हणजे मी म्हणते, बाकीचे हसतात.

प्रयोग असा. मामाचं चपला-बुटांचं दुकान चालत नाही. शेजारच्या जिमवाल्याला मधली भिंत पाडून तिथे वजनं ठेवायची आहेत. त्याने बरी रक्कम देऊ केली आहे. मामीने मामाकडून कबूल करून घेतलंय की हा महिना बघायचा. गिऱ्हाईक आलं तर ठीक, नाहीतर तीस तारखेला दुकानाची किल्ली जिमवाल्याच्या हातात. मामा हो म्हणाला आणि मग बराच वेळ एकाच बुटाला पॉलिश करत बसला, असं आई सांगत होती.

रोग साधा आहे. दुकानात कार्ड चालत नाही. लोक येतात, जोडा पसंत करतात, कार्ड काढतात, मामा हात जोडतो, लोक जातात. दुकानांत कार्डाची मशिनं बसवणं हा माझा व्यवसाय. या आठवड्यात मशीन, महिनाअखेरीला गर्दी. यात अवघड काय आहे?

मामाने माझ्या शाळेचे सगळे बूट मला स्वतः खाली बसून घालून दिले होते, याचा या प्रयोगाशी काही संबंध नाही.

३ नोव्हेंबर, मंगळवार

मामाचा विरोध. अपेक्षित होता.

त्याला समजावलं की कार्डाने पैसे घेतले की कंपनी त्यातला थोडा वाटा कापून घेते. तो दुकानदाराने का सोसायचा? गिऱ्हाइकावर अधिभार लावायचा. शंभराला अडीच. सगळीकडे लावतात. मामा म्हणाला, अगं, पाहुण्याला खुर्ची द्यायची आणि उठताना खुर्चीचं भाडं मागायचं, असं वाटतं ते. मामी आतून म्हणाली की इतकी वर्षं भाडं मागितलं असतंस तर आज तो जिमवाला फीत घेऊन दुकान मोजायला आला नसता.

मामा गप्प. प्रस्ताव मंजूर, असं मी धरलं.

मी स्वतः अधिभार कधीच भरत नाही. जवळ रोख ठेवते, नोटांची चौपदरी घडी, पेन्सिलीच्या पाऊचमध्ये. कार्ड घरी कपाटात असतं. हा दुटप्पीपणा नाही. विजेचं काम करणारा माणूस तार चालू आहे का ते जिभेने बघत नाही.

४ नोव्हेंबर, बुधवार

मशीन बसवलं. एकदम नवं मॉडेल. आमच्या कंपनीत अजून कोणी हे बाहेर लावलेलं नाही. पहिला मान माझा.

मॅन्युअलराव दारापर्यंत मॅन्युअल घेऊन आला होता. नव्या मॉडेलमध्ये बरंच बदललंय, चाळून तरी बघ, म्हणाला. त्याला सांगितलं की जुन्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या चुका मीच काढल्या होत्या. जिने पोळपाट घडवलाय तिला पोळ्या शिकवू नयेत. तो म्हणाला, पण हा पोळपाट नाही, हा मिक्सर आहे. काहीतरीच.

अडीच टक्के टाकायला २५ दाबायचं, शेवटचा आकडा दशांशाचा. डोळे मिटून करते मी हे. स्क्रीनवर दशांशचिन्ह दिसलं नाही. नवा फॉन्ट फारच बारीक केलाय. डिझाइनवाल्यांना लिहायला हवं.

आणखी दोन सुधारणा, दोन्ही माझ्या. एक, पावती छापायचीच नाही. ती थेट गिऱ्हाइकाच्या फोनवर जाईल. मामीचा कागद वाचला. दोन, मामाने फक्त जोड्याची किंमत टाकायची. शेवटचा आकडा गिऱ्हाइकाकडच्या स्क्रीनवर दिसेल. मामाला उगीच संकोच नको. मामी म्हणाली, म्हणजे आमच्या दुकानात काय चाललंय ते आम्ही सोडून सगळ्यांना दिसणार. मामी नेहमीच तिरकं बोलते.

काम चालू असताना जिममध्ये कुणीतरी वजन आपटलं. वरच्या फळीवरून बुटांचा एक खोका पडला. मामाने वर न बघता तो झेलला. रोजची सवय असणार.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिली गिऱ्हाइकं. एकूण तीन. मामीने फोनवर सविस्तर सांगितलं.

एका बाईंच्या सँडलची टाच रस्त्यात मोडली होती, त्यांना घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. स्क्रीन बघून त्या ओरडल्या की मी बूट घेतेय की दुकान? मामाने नम्रपणे सांगितलं की मशीनचा नियम आहे, कमीजास्त होत नाही, माझी भाची इंजिनीअर आहे. त्या म्हणाल्या, तिला माझ्यासमोर आणा. दुसरे गृहस्थ पैसे देऊन गेले, पण जाताना दार आपटलं. तिसरे, निवृत्त मास्तर, काहीच बोलले नाहीत, नुसते मामाकडे बघत राहिले. मामाला ते सगळ्यात लागलं.

शंभराला अडीच म्हणजे किती? काहीच नाही. पण तत्त्वाला सुरुवातीला विरोध होतोच.

खात्यात काय जमा झालं ते महिनाअखेरीशिवाय बघायचं नाही, असं मामा-मामीला बजावलं आहे. अर्धवट आकडे माणसाला हळवं करतात.

७ नोव्हेंबर, शनिवार

मामीचा फोन. म्हणाली, बाई गं, तो कार्डाचा दंड जरा कमी कर, काल रात्री ह्याने जेवताना एक अक्षर काढलं नाही.

मी तत्त्वाची पक्की आहे, पण निर्दय नाही. गेले. वजाचं बटण एकदा दाबलं. एकदा दाबलं की एक पायरी खाली, म्हणजे अडीचाचे दोन पूर्णांक चार. कुणाला कळणारही नाही, पण मामाला बरं वाटेल.

आकडा काही बदललेला दिसला नाही, २५ तसाच. फक्त त्याच्या आधी एक बारीक आडवी रेघ आली. नव्या स्क्रीनवर धूळ फार बसते. रुमालाने पुसली. गेली नाही. वरच्या फिल्मवर ओरखडा असावा. फिल्म काढली. तरी तिथेच. काचेच्या आतला दोष. गुणवत्ता विभागालाही लिहायला हवं.

मामाला सांगितलं, कमी केलंय. तो म्हणाला, किती? म्हटलं, पुरेसं.

१० नोव्हेंबर, मंगळवार

अहाहा.

काल दुपारी एक मुलगी साधी स्लिपर घेऊन गेली. स्क्रीन बघितली, मामाकडे बघितलं, पुन्हा स्क्रीन बघितली आणि काही न बोलता पळतच गेली, असं मामी म्हणाली. तासाभरात बहिणीला, आईला आणि एका शेजारणीला घेऊन आली. चौघींनी बूट घेतले. शेजारणीने निघताना मामाचा हात हातात घेऊन सांगितलं की तुमच्यासारखी मोठ्या मनाची माणसं आता राहिली नाहीत. मामा दिवसभर तोच हात बघत होता.

विश्लेषण: अधिभार पायरीभर खाली आणल्याबरोबर विरोध मावळला. इतक्या बारीक फरकाला माणसं एवढा प्रतिसाद देतात हे आजवर कुणी मोजलेलं नाही. मी मोजलं.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

रांग! मामाच्या दुकानाबाहेर रांग!

स्वतः जाऊन पाहिली. भोवताली लोक कुजबुजत होते आणि मी जवळ गेले की गप्प होत होते. एक आजीबाई हातात नोटा घेऊन उभ्या होत्या. मागच्या तरुणाने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. आजींनी नोटा पदराला बांधल्या, घरी गेल्या आणि कार्डासकट जावयाला घेऊन आल्या. जावई ऑफिसच्या कपड्यांत होता. त्यानेही दोन जोड घेतले.

लोक अधिभार भरण्यासाठी घरून माणसं आणतायत.

आज रात्री याचा सिद्धांत लिहायला घेतला. नाव: सन्मान सिद्धांत. माणसाकडून थोडं जास्त घेतलं की त्याला वाटतं, आपली जास्त देण्याची ऐपत आहे असं दुकानदाराने मानलं. त्याचा मान राखला जातो. तो खूश होतो, चार माणसं आणतो. फुकट वाटणाऱ्याकडे कोण जातं? स्वस्ताईत अपमान असतो.

मामीला वाचून दाखवला. ती म्हणाली, तुझ्या मामाने लग्नात मला साडी स्वस्तातली आणली होती, तेव्हा हा सिद्धांत कुठे होता? पण हसत होती. मामीला हसताना बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

१४ नोव्हेंबर, शनिवार

साहेबांनी बोलावलं. नव्या मॉडेलचं प्रशिक्षण सगळ्या तंत्रज्ञांना द्यायचंय, त्यासाठी प्रमुख नेमायचाय. नावं दोन, माझं आणि मॅन्युअलरावाचं. सत्तावीस तारखेला दोघांनी सादरीकरण करायचं. माझा विषय ठरला: अधिभार आणि आनंद. साहेब म्हणाले, शीर्षक जरा धाडसी आहे. म्हटलं, निष्कर्षही तसाच आहे.

मॅन्युअलरावाचा विषय: सेटिंग करताना होणाऱ्या नेहमीच्या चुका. बिचारा.

संध्याकाळी दुकानात गेले ती खरेदी करूनच आले. सादरीकरणाला शोभेल असा निळा बंद बूट. मामाने नेहमीप्रमाणे खाली बसून अंगठ्याने पुढचा भाग दाबून पाहिला आणि म्हणाला, एक नंबर मोठा घे, हा चावेल. त्याला सांगितलं की माझं पाऊल मी स्वतः मोजलेलं आहे, मिलिमीटरपर्यंत. मामा म्हणाला, पाऊल संध्याकाळी सुजतं गं बाळा. माझं सुजत नाही.

पैसे रोख दिले. त्यावर रांगेत जो गोंधळ उडाला तो कळला नाही. मागच्या बाईंनी माझं मनगटच धरलं. अगं कार्ड दे, वेडी का तू! पुढचे काका म्हणाले, कार्ड नसेल तर माझं वापर, मला रोख दे. नव्याने पटलेल्या माणसांचा उत्साह असा आंधळा असतो. मी शांतपणे नोटा मोजून मामीच्या हातात ठेवल्या. मामी म्हणाली, सगळं गाव कार्डाने देतंय आणि मशीनवालीच रोख? मी म्हटलं, घरच्यांनी मशीनवर भार टाकू नये.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

बूट किंचित घट्ट. चामडं सैल होईल.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

जिमवाला शरण.

हा माणूस रोज फीत घेऊन यायचा आणि मामासमोर दुकान आडवं-उभं मोजायचा. आज फीत नव्हती. कार्ड होतं. त्याने स्वतःसाठी बूट घेतले, बायकोसाठी घेतले, जिममधल्या सगळ्या शिकवणाऱ्यांना बोलावून आणलं. धष्टपुष्ट माणसं मामाच्या छोट्या स्टुलांवर बसून पाय पुढे करत होती आणि मामा त्यांच्या नाड्या बांधत होता. एकाला गुदगुल्या झाल्या. तो हसला तशी फळीवरचे खोके हलले.

मामा नाडी बांधताना गिऱ्हाइकाशी बोलतो. काय काम करता, किती चालता, कोणता गुडघा दुखतो. पूर्वी विचारायला कोणी नव्हतं.

जिमवाल्याने निघताना मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, ताई, एक विनंती, त्या मशीनला हात लावू नका. प्रतिस्पर्ध्याने केलेली स्तुती सर्वात खरी. सादरीकरणात घेतली.

२३ नोव्हेंबर, सोमवार

वरच्या फळ्या रिकाम्या. ज्या खोक्यांवर मी शाळेत असल्यापासून धूळ होती ते तपकिरी बूटही गेले. ते घेणारा माणूस आनंदाने शीळ वाजवत गेला. सन्मान सिद्धांत वयस्कर मालालाही लागू पडतो, ही नवी नोंद.

मामा फोनवर आईला सांगत होता की तीस तारखेला जिमवाल्याला नाही म्हणणार. मग हळू आवाजात, ताई, लोक परत परत येतायत गं, नाड्या बांधून घ्यायला येतात बहुतेक. आईने मला फोन करून विचारलं की तू त्याच्यासाठी काय जादू केलीस? म्हटलं, जादू नाही. अडीच टक्के. नाही, दोन पूर्णांक चार.

आई रडत होती. मी नव्हते. बोलणं आटोपतं घेतलं.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

उद्या सादरीकरण. सगळं तयार. शेवटी प्रात्यक्षिक ठेवलंय: नव्या मशीनवर सगळ्यांसमोर २५ टाकायचं, वजा दाबायचं, खरेदी करून दाखवायची. एवढ्या साध्या दोन कृतींनी एक दुकान वाचलं, असं शेवटचं वाक्य.

प्रमुख झाल्यावर मॅन्युअलरावाशी सौजन्याने वागायचं. त्याला टेबल खिडकीजवळचं द्यायचं.

टाचांवर पट्ट्या लावल्या. चामडं अजून सैल व्हायचंय.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

नोंद थोडक्यात.

सिद्धांत झाला. टाळ्या पडल्या. प्रात्यक्षिक. २५. वजा. साहेब म्हणाले, चला, शंभराची खरेदी करू, कार्ड द्या. माझ्याकडे कार्ड नव्हतं. पाऊच उघडून दाखवलं, नोटा. कोणीतरी हसलं. साहेबांनी स्वतःचं कार्ड लावलं.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आकडा आला. पंचाहत्तर.

मला वाटलं, पडद्याचा दोष.

मॅन्युअलराव उठला. आवाज अजिबात चढवला नाही, हे त्याच्या बाबतीत नोंदवायला हवं. म्हणाला, नव्या मॉडेलमध्ये दशांश आपोआप धरत नाही, म्हणून २५ म्हणजे पंचवीसच. आणि वजा म्हणजे पायरी नाही. वजा म्हणजे वजा, गिऱ्हाइकाला सूट. मॅन्युअलमध्ये पहिल्याच पानावर चौकटीत दिलंय.

आधी खोलीत शांतता. मग नाही.

साहेबांनी विचारलं, हे मॉडेल तुम्ही बाहेर किती दुकानांत लावलंय? म्हटलं, एकच. ते म्हणाले, देवाची कृपा.

म्हणजे पहिले तीन दिवस सव्वापट. नंतर पाऊणपट. धूळ नव्हती ती.

२८ नोव्हेंबर, शनिवार

आज मामाला सांगायचं ठरवलं. निवेदन तयार: वस्तुस्थिती, कारण, उपाय.

गेले. मामा एका लहान मुलीचा पहिलावहिला बूट बसवत होता. ती पाय ओढून घेत होती, मामा खोटं खोटं रडत होता, ती खिदळत होती. अशा वातावरणात तांत्रिक माहिती नीट पोचत नाही. परत आले.

मशीन दुरुस्त करायला हवं. पण दुरुस्त केलं की रांग नाही. रांग नाही म्हणजे परवा तीस तारीख, किल्ली. आणि दुरुस्त केलं नाही तर प्रत्येक बुटामागे मामाच्या खिशातून जाणार. शनिवारी सेटिंग बदलू नये, असा एक संकेत आहे. माझाच आहे. आज केला.

२९ नोव्हेंबर, रविवार

दुकान बंद. सांगायला योग्य दिवस होता. मामा-मामी घरी होते. मीही घरी होते. माझ्या.

खात्यात डोकावले. ठरवलेल्या दिवसाच्या एक दिवस आधी. हळवी झाले नाही. पुन्हा बेरीज केली. तरीही नाही. रुमाल शोधला तो स्क्रीन पुसायला.

३० नोव्हेंबर, सोमवार

दुकान उघडायच्या आधी गेले. निवेदन पाठ होतं. तोंड उघडलं तेव्हा एवढंच आलं, मामा, मी चुकले.

मग सगळं सांगितलं.

 मामीच्या पोटातून काहीतरी आवाज आला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. स्टुलावर बसली, तरी हसत होती. रेघ पुसत होतीस? रुमालाने? अगं आई गं. त्या टाचमोड्या बाईला आपण सव्वापट लावलं, आणि त्या जिमवाल्याला पाऊणपट! डोळे पुसायला तिने माझाच रुमाल घेतला.

मामा हसला नाही. त्याने एकच विचारलं. म्हणजे लोक माझ्यासाठी येत नव्हते?

माझ्याकडे उत्तर होतं, आकड्यांसकट. दिलं नाही. म्हटलं, मामा, ह्या प्रश्नाची माहिती मी गोळाच केली नाही.

तेवढ्यात जिमवाला आला. पायात मामाच्या दुकानातलेच बूट, हातात पुन्हा फीत. तीस तारीख ना, म्हणाला. मग आमची तोंडं बघून म्हणाला, कळलं वाटतं मशीनचं. सगळ्या गल्लीला माहीत होतं. सगळ्या गल्लीला!

मामी उठली. मला वाटलं, आता किल्ली. मामीलाच तर दुकान सोडायचं होतं. तिने माझ्याकडून फोन घेतला, खात्याचे आकडे बघितले, आणि मामाला म्हणाली की वर्षानुवर्षं सांगतेय, जुना माल काढ, काढ. तर हा म्हणे सेल लावला की लोक समजतात दुकान गेलं. आता न लावता लागला. खरेदीचे पैसे निघालेत. फायदा नाही, तोटा नाही. फळ्या मात्र मोकळ्या झाल्या. मग जिमवाल्याकडे वळून म्हणाली, भाऊ, फीत गुंडाळा. महिनाभर पाय मोडले माझे, पण घड्याळाकडे एकदासुद्धा बघितलं नाही. नवा माल येतोय.

जिमवाला म्हणाला, वहिनी, मग निदान मशीन तरी आहे तसं ठेवा की. मामी म्हणाली, तुमच्या जिमची फी तुम्ही पाऊणपट घ्याल का?

मामाने मला सांगितलं, आकडा शून्य कर. जास्त नको, कमी नको. कंपनीचा वाटा मी देईन. खुर्चीचं भाडं मला नाही मागवत.

या वेळी मॅन्युअल आणलं होतं. त्या दोघांसमोर पहिलं पान मोठ्याने वाचलं. मग शून्य टाकलं. शून्याच्या आधी काही नव्हतं. तरी एकदा पुसून पाहिलं.

दुपारी पहिल्या तिघांना फोन करून जास्तीचे पैसे परत केले. मास्तरांनी विचारलं, भाची म्हणजे तूच का? हो म्हटलं. ते म्हणाले, संध्याकाळी येतो, त्या डाव्या बुटाची नाडी मला तशी बांधता येत नाही. मामाला जसंच्या तसं कळवलं. एक माणूस म्हणजे पुरेशी माहिती नाही. पण आहे ती खरी आहे.

२ डिसेंबर, बुधवार

प्रशिक्षण प्रमुख: मॅन्युअलराव. पहिला धडा: वजा. उदाहरण नाव न घेता देणार, असं त्याने मला येऊन सांगितलं. विचारलं नव्हतं.

संध्याकाळी मामीने हिशेब लावायला गल्ला उघडला. मशीन नीट होईपर्यंतच्या काळात गल्ल्यात रोख जमा एकदाच. ती अजून तिथेच होती, चौपदरी घडीत. मामीने घडी ओळखली. म्हणजे सगळ्या गल्लीने पाऊणपट दिले, तिघांनी सव्वापट, आणि जोड्याची बरोबर किंमत देऊन गेलेलं गिऱ्हाईक एकच. अधिभार चुकवणारं.

मामा म्हणाला, पाव भाग तरी परत देऊ या पोरीला. मामी म्हणाली, छे, तिचा अपमान होईल. स्वस्ताईत अपमान असतो, तिनेच लिहिलंय.

बूट बदलून एक नंबर मोठा मागितला. तो संपलाय. जिमवाल्याच्या बायकोने नेला.

दोन्ही टाचांवर पट्ट्या लावून ऑफिसात लंगडतच होते, दिवसभर. मॅन्युअलरावाने बघितलं, उठला, आणि आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली. बसले. मान मिळाला. भाडं मागितलं नाही.